आधी किल्ली द्या, सवलतीचं नंतर बघू

रेकॉर्डिंगचं एखादं सॉफ्टवेअर बंद होणार अशी घोषणा झाली रे झाली की दुसऱ्या कंपन्यांच्या सवलती सुरू होतात. जुनं लायसन्स दाखवा, नवं निम्म्या किमतीत न्या. पाठोपाठ ओळखीपाळखीचे लोक सल्ला देतात, "त्यात काय एवढं, बदलून टाक." बातमीनंतरच्या पहिल्या आठवड्यात माणूस घाबरलेला असतो आणि त्या घाबरलेल्या गिऱ्हाइकाला गाठणं हाच या सवलतींचा हेतू असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या स्टुडिओच्या डिस्कवर लोकांचे आवाज आहेत. त्यातले काही गळे आता या जगात नाहीत. ते आवाज मला कुठल्याही कंपनीच्या परवानगीवाचून उघडता येतात की नाही, एवढंच मला आधी कळायला हवं. कुणाचा मिक्सर देखणा आणि कुणाचा रिव्हर्ब गोड, ही चर्चा त्यानंतर.

केकवॉक या सॉफ्टवेअरची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी अशी आहे. १९८७ मध्ये डॉसवर चालणारा मिडी सीक्वेन्सर, म्हणजे वाद्यांना द्यायच्या सुरांच्या सूचना साठवून वाजवणारा प्रोग्रॅम, म्हणून ते आलं. पुढे विंडोजवर गेलं, २००१ मध्ये त्याचं ‘सोनार’ झालं. जगभरातल्या घरगुती स्टुडिओंनी त्यावर कामं केली. २०१३ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनने ते रोलंडकडून घेतलं. २०१६ मध्ये याच गिब्सनच्या छत्राखाली ग्राहकांना ‘आयुष्यभराचे अपडेट’ विकले गेले. लोकांनी विश्वासाने पैसे भरले. आणि २० नोव्हेंबर २०१७ रोजी गिब्सनने जाहीर केलं की केकवॉकचं काम थांबवत आहोत. आयुष्यभराचा वायदा जेमतेम सव्वा वर्ष टिकला. कारण काय दिलं? कंपनीला फिलिप्सच्या नावाखालच्या घरगुती ऑडिओ उपकरणांच्या धंद्यावर लक्ष द्यायचं होतं. म्हणजे ज्यांनी आयुष्यभराचे पैसे आगाऊ मोजले, त्यांचं स्थान हेडफोन आणि स्पीकरच्या खाली. पुढे १ मे २०१८ रोजी गिब्सननेच दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला.

सोनार वाचलं, पण ते दैवयोगाने. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने त्याची मालमत्ता घेतली आणि एप्रिलमध्ये ते फुकट उपलब्ध करून दिलं. लोकांना हायसं वाटलं. पण ते फुकटचं सॉफ्टवेअरही दर काही महिन्यांनी इंटरनेटवरून परवानगी ताजी करून घ्यायला लावत होतं. जून २०२३ मध्ये पुन्हा घोषणा झाली की हेही जाणार आणि त्या जागी नवं सोनार येणार. ते आधी वर्गणी भरणाऱ्यांना मिळालं, २०२५ मध्ये त्याची एक फुकट पातळी आली. बँडलॅबने काही वाईट केलं असं मी म्हणत नाही, उलट एक बुडालेलं काम त्यांनी वर काढलं. पण २०१७ ते २०२५ या काळात सोनारवर काम करणाऱ्या माणसाने आपली गाणी उघडतील की नाही हे दर थोड्या वर्षांनी दुसऱ्याच्या घोषणेतून समजून घ्यायचं, ही काय रीत झाली?

गिब्सनचा हा पहिला प्रताप नव्हता. कॅलिफोर्नियातल्या ओपकोडने १९९० मध्ये ‘स्टुडिओ व्हिजन’ आणलं होतं. मिडी आणि प्रत्यक्ष ध्वनी एकाच पडद्यावर हाताळणारं ते पहिलं सॉफ्टवेअर. आज ज्याला आपण रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणतो त्याचा पाया तिथे घातला गेला. गिब्सनने १९९८ मध्ये ओपकोड विकत घेतलं आणि १९९९ मध्ये काम बंद पाडलं. त्याला वाचवायला कुणी सिंगापूरवाला आला नाही. २००२ च्या जुलैत ॲपलने ‘लॉजिक’ बनवणारी एमॅजिक कंपनी घेतली आणि सप्टेंबरअखेर लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. ज्याला लॉजिक हवं त्याने मॅक घ्यावा. सॉफ्टवेअर जिवंत, पण विंडोजवर ते चालवणारा समाज रस्त्यावर.

या सगळ्या मरणांना एकाच मापाने मोजू नका, ही माझी पहिली विनंती. एक प्रकार असा, की कंपनी नवीन काही करणार नाही पण तुमच्याकडची प्रत उघडते, चालते, दुसऱ्या संगणकावर टाकली तरी चालते. अशा वेळी धावपळ करायचं काही कारण नाही. काल ज्या सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचा ठेका नीट ध्वनिमुद्रित होत होता, त्यात आजही होणारच. तो संगणक इंटरनेटपासून तोडा, अपडेट बंद करा, हातातली कामं त्यावरच पुरी करा. कधीतरी ऑपरेटिंग सिस्टिम पुढे जाईल, ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर मिळेनासा होईल. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बाद केले तसं काही होईल. पण त्याला वेळ असतो आणि त्या वेळात शांत डोक्याने निर्णय घेता येतो.

दुसरा प्रकार म्हणजे कुलूप. प्रोग्रॅम तुमच्या डिस्कवर आहे, पैसे तुम्ही दिलेत, पण उघडण्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर गेला की तुमचं सगळं आत. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिकने ‘फिनाले’ हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर ३५ वर्षांनंतर बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा मूळ घोषणेत हेच होतं. वर्षभरानंतर नव्या संगणकावर ते चालू करून मिळणार नव्हतं. ३५ वर्षांच्या स्वरलिपी, वाद्यवृंदांची, शाळांची, चर्चची कपाटंच्या कपाटं, आणि यांनी वर्षाची मुदत दिली. जगभरच्या संगीतकारांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीला लगेच माघार घ्यावी लागली आणि ही सोय चालू ठेवू असं सांगावं लागलं. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या प्लगइनच्या, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, कंपनीने कायमची लायसन्स विकणं बंद करून फक्त वर्गणी ठेवली, तेव्हाही ग्राहक खवळले आणि काही दिवसांत कंपनी ताळ्यावर आली. म्हणजे हे लोक ऐकतात. फक्त मोठ्याने बोलावं लागतं. आपल्याकडे स्टुडिओवाले एकमेकांत कुरकुरतात, ग्रुपवर दोन हताश चेहरे टाकतात आणि सवलतीचा कोड शोधायला लागतात.

कुलूप म्हणजे काय हे ज्याला अजून कळलं नसेल त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे एका ज्येष्ठ गायकांच्या अभंगांचं ध्वनिमुद्रण झालेलं होतं. ते गेले. त्यांच्या मुलीला वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमासाठी तेच अभंग हवे होते, फक्त पेटी थोडी खाली आणि आवाज पुढे. सेशन उघडलं. आवाज होता, पखवाज होता, टाळ होते, पेटी होती. तानपुऱ्याचा ट्रॅक मुका. तो तानपुरा प्लगइनचा, सेशन उघडलं की तिथल्या तिथे वाजणारा. ते बनवणाऱ्या कंपनीने परवाने तपासणारा सर्व्हर बंद केलेला होता. प्लगइनची खिडकी उघडायची, चाक फिरत राहायचं, मग लायसन्स सापडत नाही असा निरोप यायचा. "काका, बाबांचा आवाज तरी आहे ना?" त्या मुलीने विचारलं. आवाज होता. पण अभंगाखालून तानपुरा काढला तर गाणं अधांतरी लोंबकळतं. बरं, नवा तानपुरा लावायचा तर कुठल्या सुरात? गायकांची पेटी जुनी, तिची काळी दोन आजच्या काळी दोनपेक्षा किंचित चढी. त्या पेटीला कानाने जुळवून तानपुरा लावलेला होता आणि किती चढा, तो आकडा त्या न उघडणाऱ्या खिडकीत. शेवटी एकेका अभंगातला लांबवलेला षड्ज लूपवर टाकून नवा तानपुरा सेंट सेंट सरकवत जुळवावा लागला. जुळला. पण पैसे मोजून रीतसर घेतलेल्या प्लगइनसाठी ही वेळ का यावी? आणि ज्या कंपनीने हे केलं तिला एका ओळीचा जाब तरी कोण विचारणार?

बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या आजही संग्राहकांच्या घरी वाजतात. खरखर आहे, कडा झिजल्या आहेत, पण सुई ठेवली की आवाज येतो. ती तबकडी काढणाऱ्या कंपनीचं पुढे काय झालं याच्याशी सुईला देणंघेणं नाही. मिडीचं मानक १९८३ चं, वेव्ह फाइल १९९१ ची. दोन्ही आज कुठल्याही संगणकावर उघडतात, कारण त्यांची रचना सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाच्या परवानगीला बांधलेली नाही. संगीत टिकवायचा मार्ग माणसाला सापडलेला आहे. तो सोडून आपण आपल्या गळ्यांना भाड्याच्या खोलीत का ठेवतोय?

आता एक गोष्ट बोलतो जी बऱ्याच जणांना झोंबेल. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या स्टुडिओंत सॉफ्टवेअर चोरीचं असतं. मी त्याचं समर्थन करत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं पोट त्यावर असतं, आणि आपली गाणी कुणी फुकट उचलली की आपणच कांगावा करतो. पण सर्व्हर बंद झाल्यावर काय होतं ते बघा. ज्याने रीतसर पावती घेतली त्याचं सेशन अडतं आणि ज्याने कुलूप तोडलेली प्रत वापरली त्याचं बिनबोभाट उघडतं. प्रामाणिक गिऱ्हाइकाला शिक्षा आणि चोराला मोकळीक, ही व्यवस्था कंपन्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली आहे. मग त्यांनी चोरीबद्दल प्रवचनं देऊ नयेत.

स्टाइनबर्गच्या डॉंगलचं बघा. मुंबईच्या किती स्टुडिओंत या कंपनीची ‘क्यूबेस’ आणि ‘न्यूएन्डो’ ही सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं लायसन्स साठवणाऱ्या त्या यूएसबीच्या चिमुकल्या डॉंगलवर चालली. मे २०२५ मध्ये कंपनीने त्या डॉंगलमागची ई-लायसेन्सर ही सेवाच बंद केली. डॉंगलमध्ये असलेलं लायसन्स डॉंगल जिवंत असेपर्यंत चालतं. रेकॉर्डिस्टच्या बुटाखाली तो डॉंगल आला, पावसाळ्यात त्याला गंज चढला, की जुन्या आवृत्तीची पाळी संपली. नवी आवृत्ती घ्या. लॉक बदलायला हरकत नाही, काळाप्रमाणे ते बदलतंच. पण जुनं लॉक काढताना जुन्या आवृत्त्या मोकळ्या का केल्या नाहीत? दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती कुलुपाविना सोडल्याने कुणाचा धंदा बुडणार होता?

यावर दोन उत्तरं मिळतात. पहिलं ज्येष्ठांचं: "गाणं गळ्यात असतं, यंत्रात नाही." वाक्य ऐकायला छान आहे. गळा गेला की गाणं यंत्रातच उरतं, हे ज्याने एकदा तरी मृत माणसाचं सेशन उघडलंय त्याला सांगावं लागत नाही. दुसरं उत्तर व्यवहारी लोकांचं: कंपन्या बंद पडणारच, कुणी कायम जगत नाही. मान्य. कंपनीने अमर राहावं अशी मागणी कुणी केलेली नाही. दुकान बंद करताना शेवटचं एक काम करा: परवाना तपासणं काढून टाकलेली शेवटची प्रत ग्राहकांना द्या आणि फाइलची रचना उघड करा. एवढं करायला मोठं भांडवल लागत नाही. ते करत नाहीत, कारण जाताना तो ग्राहकांचा ताफा कुणाला तरी विकायचा असतो, आणि कुलूप असेल तरच ताफ्याला किंमत येते.

याबाबतीत व्हिडिओ गेम खेळणारी पोरं आपल्यापेक्षा शहाणी निघाली. २०२४ मध्ये यूबीसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातातून गेला. खेळणाऱ्यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम काढली आणि युरोपातल्या त्यांच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा आकडा ओलांडला. मागणी साधी: विकलेली वस्तू बंद करताना ती चालती ठेवा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून दाखवताना ते फक्त लायसन्स आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. आणि आपल्याकडे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे. योग्य कारण नसताना एका बाजूनेच करार संपवण्याची मुभा देणारी अट त्यात बसते आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे तक्रार करता येते. सॉफ्टवेअर घेताना आपण न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारतो, त्या कराराला या कलमाखाली कुणी तपासून पाहिलंय का? वकील मित्रांनी हे मनावर घ्यावं.

तेव्हा बदलायचं की नाही? माझा हिशेब असा. प्रोग्रॅम इंटरनेटशिवाय, कुणाला न विचारता नव्या संगणकावर चालू होत असेल, तर बदलू नका, सवलत कितीही मोठी असो. तो विचारून विचारून चालत असेल, तर बदला, आणि बंद होण्याची वाट न पाहता आजच तयारीला लागा. बदलण्याआधी मात्र माल बाहेर काढा, आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य बिंदूपासून वेव्ह फाइल म्हणून काढायचा, म्हणजे नव्या ठिकाणी सगळे एका रेषेत बसतात. इफेक्टसह एक प्रत आणि कोरडी एक प्रत, कारण सोनारमधला प्रोचॅनल सोनारबाहेर येत नाही, तसाच इतर सॉफ्टवेअरचा घरचा इक्यू आणि कॉम्प्रेसर त्या त्या घरातच राहतो. प्लगइनमधून वाजणारी वाद्यं, तानपुरा आणि लेहरा तर सगळ्यात आधी, त्यांचं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करून. टाकून दिलेले टेकही काढा, गायकाची खरी जागा पुष्कळदा त्यातच सापडते. नाट्यगीताची लय शेवटी चढते, तिच्यामागे हाताने आखलेला टेम्पोचा नकाशा असतो. तो वेव्हमध्ये जात नाही, मिडी फाइलमधून न्यावा लागतो. आणि सॅम्पल रेट प्रत्येक फोल्डरच्या नावातच लिहून ठेवा. ४४.१ चं ध्वनिमुद्रण ४८ समजून वाजलं की गाणं जवळजवळ दीड पट्टी चढतं आणि म्हाताऱ्या गायकाचा आवाज तरण्या पोरासारखा लागतो.

नवं काय घ्यायचं, तर मी देखाव्याला गुण देत नाही. ‘रीपर’ मला आवडतं, कारण त्याचं लायसन्स म्हणजे एक छोटी फाइल, सर्व्हरला विचारायला जात नाही, आणि त्याचं सेशन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं, कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं. व्यक्ती आणि छोट्या धंद्यांसाठी किंमत ६० डॉलर. ‘आर्डोर’ मुक्त स्रोताचं आहे, त्याचा कोडच सगळ्यांसमोर आहे, ते कुणी विकत घेऊन मारू शकत नाही. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनसने ‘डॉप्रोजेक्ट’ ही खुली फाइल-रचना आणली, जिच्यातून एका सॉफ्टवेअरमधलं सेशन दुसऱ्यात नेता येतं. ती किती कंपन्या घेतात यावरून त्यांची नियत कळेल. जी कंपनी तुमचं काम बाहेर न्यायचं दार ठेवत नाही, तिच्या दारात पाऊल टाकू नका, मग ती चित्रपटसृष्टीत कितीही गाजलेली असो.

शेवटचं बोलणं गायकांशी, कीर्तनकारांशी, भजनी मंडळांशी, नाटक कंपन्यांशी. आवाज तुमचा आहे. स्टुडिओत मिक्स झालेलं गाणं पेन ड्राइव्हवर घेऊन तुम्ही घरी जाता, तेवढं पुरेसं नाही. बिलाचा शेवटचा हप्ता देण्याआधी सगळे ट्रॅक वेव्हमध्ये मागून घ्या, तानपुऱ्यासकट, पट्टी आणि सॅम्पल रेट लिहून, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. रेकॉर्डिस्टने कटकट केली तर पैसे देऊ नका. माझ्या स्टुडिओतही तेच करा.